विद्यापीठात शिकवलं जाणारं 'बिझनेस इंग्लिश': घ्यावं, की नोकरीत आपोआप येतं?

माणदेशी

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी पुण्यात एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. शाळा आटपाडीकडे, मराठी माध्यमातून. बी.कॉम. सांगलीत. इंग्रजी वाचायला अडचण येत नाही, व्याकरणही बरं आहे. पण पुढच्या उन्हाळ्यात समर इंटर्नशिप आहे. आठ आठवडे कंपनीत काम, दर आठवड्याला तिथल्या गाइडला प्रगती कळवायची, शेवटी अहवाल आणि सादरीकरण. तिथे माझं इंग्रजी कमी पडेल अशी धास्ती आहे.

सध्या एक फील्ड प्रोजेक्ट चालू आहे, सांगली जिल्ह्यातल्या शेतीपंपांच्या डीलरांचा सर्व्हे. सांगलीतल्याच कंपनीकडे डीलरांची यादी मागायची तर चार ओळींच्या मेलला अर्धी संध्याकाळ जाते. विनंती हुकमासारखी वाटेल का, फार लाचार वाटेल का, हेच कळत नाही. गटचर्चेत मुद्दा सुचतो, पण वाक्य जुळेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते.

कॉलेजने पुढच्या सत्रात 'ॲडव्हान्स्ड बिझनेस इंग्लिश' हा ऐच्छिक विषय ठेवलाय. त्याच जागी डेटा ॲनालिटिक्स घेता येतं. वर्गमित्र म्हणतात, इंग्रजी नोकरीत आपोआप येतं. सीनियर म्हणतात, गुण सहज मिळतात म्हणून इंग्लिश घे. गुणांसाठी मला घ्यायचं नाही. हे वर्गात बसून खरंच येतं का? ज्यांना आलं, त्यांना कशामुळे आलं?

उनाड

ॲनालिटिक्स घेतलंस तरी त्यातून निघालेलं शेवटी कुणाला तरी इंग्रजीतच सांगायचंय की राव.

घाटमाथा

मी हिंजवडीत एक टीम सांभाळतो. नवीन पोरांचे मेल रोज वाचतो, म्हणून सांगतो. विषय घेऊ नका, ॲनालिटिक्स घ्या.

माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ सगळ्यांनी कॉलेजात कम्युनिकेशनचा पेपर दिलेला असतो. तरी मेल कसा असतो? आधी तब्येतीची चौकशी, मग प्रोजेक्टची पार्श्वभूमी, मग कालपर्यंत काय काय केलं त्याचा पाढा, आणि अगदी तळाला 'सर्व्हर कालपासून बंद आहे'. शिकागोतला क्लायंट सकाळी मेल फोनवर उघडतो. त्याला पहिल्या दोन ओळी दिसतात. त्यात आमच्या पोराच्या शुभेच्छा असतात.

हे वर्गात सुधारत नाही. आमच्याकडे सीनियर माणूस शेजारी बसवून मेल दुरुस्त करून घेतो आणि सहा महिन्यांत पोरगा तयार होतो. तिकडून उत्तर लवकर यायला लागलं की त्याचं त्यालाच पटतं.

खडू_फळा

घाटमाथा, तुमच्या टीममधल्या मुलांचं भाग्य आहे, हे मनापासून म्हणते. पण सगळ्यांच्या शेजारी कुणी बसत नाही. माझे कितीतरी माजी विद्यार्थी सांगतात, की मेल कमजोर आहेत म्हणून त्यांना कुणी शिकवलं नाही, फक्त क्लायंटशी बोलायचं काम हळूहळू दुसऱ्याकडे गेलं. का गेलं तेही कुणी सांगितलं नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींचं यात फार नुकसान होतं, कारण ती हुशार असतात आणि मागे राहतात.

मी मुंबई विद्यापीठाच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात हाच विषय शिकवते. आमच्याकडे २०१९च्या अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रात 'प्रोफेशनल कम्युनिकेशन अँड एथिक्स'चा पहिला भाग आणि पाचव्या सत्रात दुसरा. पूर्वी यांनाच 'कम्युनिकेशन स्किल्स' आणि 'बिझनेस कम्युनिकेशन अँड एथिक्स' म्हणायचे. नावं बदलली, अडचण तीच राहिली. पहिल्या भागात लेखी पेपर असतो, म्हणून मुलं संवादाचे अडथळे, पत्रांचे प्रकार, चांगल्या संवादाचे सात 'सी' (क्लॅरिटी वगैरे) असं सगळं पाठ करतात. क्लॅरिटीची व्याख्या लिहिणारा मुलगा तीच व्याख्या अडीच पानांत लिहितो!

पाचव्या सत्रात अहवाल, सादरीकरण, गटचर्चा यांवर भर असतो आणि लहान तुकड्या करता येतात. तिथे मुलं डोळ्यांदेखत बदलतात. अभ्यासक्रमाचा दर्जा दोन्हीकडे साधारण सारखाच. फरक एवढाच, की दुसऱ्या ठिकाणी मी प्रत्येकाचा मसुदा वाचू शकते आणि तो पुन्हा लिहून घेऊ शकते. साठसत्तरांच्या वर्गात दर आठवड्याला प्रत्येकी एक पान म्हटलं, तरी एका तुकडीची साठसत्तर पानं होतात, आणि शिक्षकाकडे तुकड्या तीन-चार असतात. ते होत नाही. त्यात शिक्षकांचाही नाइलाज असतो.

तेव्हा माणदेशी, विषयाचं नाव पाहून ठरवू नका. वर्गात किती जण असतील, लिहिलेलं कोण तपासणार आणि तपासल्यावर पुन्हा लिहायला लावणार का, हे आधी विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर घाटमाथांचं ऐका.

काजळमाया२

खडू_फळा, 'पुन्हा लिहून घेणं' याला +१. मी बी.कॉम.ला बिझनेस कम्युनिकेशनमध्ये चांगले गुण घेतले, पण पेपरातलं तक्रारीचं पत्र कधी कुणी लाल शाईने भरून परत दिलं नाही.

आकडेमोड

मी सीए. भाषेचा माणूस नाही, पण एका गोष्टीवर कुणी बोलत नाही म्हणून लिहितो: आकडे.

मुलं इंग्रजी वाक्य नीट बोलतात आणि आकड्यापाशी अडखळतात. आपल्या डोक्यात लाख-कोटी आणि समोरच्याच्या मिलियन-बिलियन. १० लाख म्हणजे १ मिलियन, १०० कोटी म्हणजे १ बिलियन. हे सगळ्यांना पाठ असतं, पण मीटिंगमध्ये 'साडेसदतीस कोटी'चे ३७५ मिलियन क्षणात तोंडी यावे लागतात. स्वल्पविरामही वेगळे पडतात. आपण १,२५,००,००० लिहितो, ते १२,५००,००० लिहितात. तारखांचंही तसंच. ०५/०६ म्हणजे लंडनला ५ जून आणि न्यूयॉर्कला ६ मे. करारात आणि मेलमध्ये महिना अक्षरी लिहायची सवय विद्यार्थिदशेतच लावा.

पुढे चढ-उताराची भाषा. विक्री 'टू' १२ टक्के वाढली आणि 'बाय' १२ टक्के वाढली यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नफ्याचं प्रमाण ८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेलं तर ती २ टक्के वाढ नव्हे. ते २ पर्सेंटेज पॉइंट, म्हणजे २०० बेसिस पॉइंट. टक्क्यांत म्हणाल तर वाढ २५ टक्के झाली. इथे प्रश्न भाषेचा नसून अर्थाचा आहे, आणि वर्गात हे क्वचितच शिकवतात.

हे ऐकायचं कुठे? आपल्या शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर. नोंदणीकृत कंपन्या तिमाही निकालांनंतर विश्लेषकांशी बोलतात, त्याचं ध्वनिमुद्रण आणि शब्दशः लेखी प्रत सेबीच्या नियमानुसार जाहीर करावी लागते. तासभराचं खरं बोलणं, खरे अवघड प्रश्न, सगळं फुकट. प्रत समोर ठेवून ऐका. नफा घटल्यावर वित्तप्रमुख काय शब्द वापरतो, प्रश्न टाळायचा तर कसा टाळतो, एखादी आकडेवारी हाताशी नसेल तर काय म्हणतो. आणि बहुतेक सगळे आपल्यासारख्याच भारतीय उच्चारांत बोलतात. ते ऐकून मुलांचा निम्मा न्यूनगंड जातो, हे मी माझ्याकडे सीएचं प्रशिक्षण घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत पाहिलंय.

माणदेशी

आकडेमोड सर, हे मला माहीतच नव्हतं. आज रात्रीच एक ऐकतो. पर्सेंटेज पॉइंटचं तर आमच्या वर्गात परवाच घोळ झाला होता.

मांडवीपार

गोव्याहून. मी हॉटेल व्यवसायात आहे आणि आमच्याकडे शिकाऊ मुलं येतात, मराठी, कोकणी, कानडी बोलणारी. लिहिण्याबद्दल वर पुष्कळ झालं, बोलण्याबद्दल सांगते.

पाहुणा म्हणतो, चेक-आउट दुपारी चारला करू द्या. खोली दोनला दुसऱ्या कुणाला द्यायची असते. मुलगा म्हणतो, 'नॉट पॉसिबल सर.' व्याकरणात चूक काही नाही, पण पाहुणा दुखावतो आणि परीक्षण तसंच लिहितो. तोच मुलगा घरी मराठीत कुणाला असं तोडून बोलत नाही! तिथे तो म्हणेल, 'चारचं जरा अवघड आहे हो, पण बॅगा आमच्याकडे ठेवा, खाली शॉवर आहे, तिथे तयार व्हा.' मी त्यांना सांगते, हेच इंग्रजीत आण. 'आय ॲम अफ्रेड द रूम इज बुक्ड फ्रॉम टू, बट व्हॉट आय कॅन डू इज...' आधी खंत, मग कारण, मग पर्याय. मऊपणा आपल्याकडे आहेच. इंग्रजी बोलताना मुलं घाबरतात आणि तो घरी ठेवून येतात.

ऱ्हाईनकाठ

मांडवीपार ताईंचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी जर्मनीत मास्टर्स केलं, आता इथेच नोकरी. इथल्या बहुतेक विद्यापीठांना स्वतःचं भाषा केंद्र असतं. प्रवेशाआधी चाचणी घेतात आणि भाषेच्या पातळ्या ठरवणाऱ्या युरोपीय चौकटीप्रमाणे (ए१ ते सी२, ही चौकट २००१ साली प्रसिद्ध झाली) गट पाडतात. मी तांत्रिक आणि व्यावसायिक इंग्रजीचा सी१ वर्ग केला.

आमची शिक्षिका मजकूर दुरुस्त करून देत नसे. समासात नुसत्या खुणा असत. क्रियापदाच्या काळाला एक, आर्टिकलला (ए, ॲन, द) एक, 'हे कुणासाठी लिहिलंय?' याला एक. दुरुस्ती आपणच करून पुन्हा द्यायची. मराठीत आर्टिकल नाहीत, त्यामुळे माझ्या कागदावर त्या खुणांची दाटी असायची. दुसऱ्यांदा लिहिताना प्रत्येक नामापाशी थांबून विचार करावा लागायचा, की वाचणाऱ्याला ही वस्तू आधीच माहीत आहे का. माहीत असेल तर 'द'. नियम शाळेतच वाचला होता, पण मुरला तो या फेरलेखनामुळे.

दुसरं असं, की आमच्या ऑफिसात पोलिश, तुर्की, जर्मन, भारतीय अशी सगळी माणसं आहेत. इंग्रजी कुणाचीच मातृभाषा नाही. तिथे भारी शब्द आणि वाक्प्रचार वापरणाऱ्यापेक्षा छोट्या वाक्यांत सांगणाऱ्याचं काम लवकर होतं. 'ॲडव्हान्स्ड' म्हणजे शब्द अवघड, असा समज असेल तर आत्ताच सोडा. सी१च्या वर्गातला बराचसा वेळ वाक्यं सोपी करण्यात गेला.

मऊपणाचं म्हणाल, तर देशादेशांत फरक आहे. जर्मन सहकारी 'हे चुकलंय' असं सरळ लिहितो आणि त्यात राग नसतो. ब्रिटिश सहकारी 'आय वंडर इफ वुई कुड लूक ॲट धिस अगेन' लिहितो, तेव्हा तोही बहुधा तेच सांगत असतो.

उनाड

म्हणजे ब्रिटिश माणूस 'व्हेरी इंटरेस्टिंग' म्हणाला की फाइल परत उघडायची. नोंद घेतली.

परीक्षार्थी

थोडा वेगळा प्रश्न. ऐच्छिक विषयाऐवजी एखादी बाहेरची परीक्षा दिली तर? आयईएल्ट्स की केंब्रिजची बिझनेस परीक्षा?

ऱ्हाईनकाठ

@परीक्षार्थी, परदेशी विद्यापीठात अर्ज करायचा असेल तर आयईएल्ट्स. तिचा निकाल साधारण दोन वर्षं चालतो. म्हणजे नुसती शिकायला म्हणून द्यायची ती परीक्षा नव्हे.

केंब्रिजच्या बिझनेस परीक्षा तीन पातळ्यांच्या: प्रिलिमिनरी बी१, व्हँटेज बी२, हायर सी१. जवळच्या केंद्रावर सध्या कोणती होते ते विचारून घ्या. परीक्षा दिली नाही तरी हायरचे जुने नमुने सरावाला उत्तम आहेत. लेखनात आधी आलेखावरून १२० ते १४० शब्दांचा छोटा अहवाल, मग २०० ते २५० शब्दांत अहवाल, प्रस्ताव किंवा पत्र. तोंडी परीक्षा जोडीने असते. त्यात विषय निवडून मिनिटभर तयारी करायची आणि मिनिटभर बोलायचं, मग जोडीदाराशी चर्चा करून निर्णयापर्यंत यायचं. माणदेशींना गटचर्चेत जे अडतंय, त्यावर हा सराव नेमका आहे.

भाषाभान

सगळं वाचलं. माझं म्हणणं काहींना पटणार नाही, तरी मांडतो.

सांगलीतल्या डीलरांची यादी सांगलीतल्याच कंपनीकडे मागायची आणि तीही इंग्रजीत, याबद्दल कुणालाच काही वाटत नाही? डीलर मराठी, शेतकरी मराठी, विद्यार्थी मराठी, आणि मधला कागद तेवढा इंग्रजी. २०२१-२२पासून एआयसीटीईने, म्हणजे देशातल्या तंत्रशिक्षण परिषदेने, प्रादेशिक भाषांत अभियांत्रिकीला परवानगी दिली, पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात मराठीतून संगणक अभियांत्रिकी सुरू झालं. मग व्यावसायिक मराठीचा एक चांगला विषय एमबीएला का नसावा? निविदा, करार, कर्जाचा अर्ज, ग्राहकाला उत्तर हे उत्तम मराठीत लिहिणारी माणसं कुठे तयार होतायत?

इंग्रजी शिकू नका असं मी म्हणत नाही. पण त्याचं ओझं नेहमी मराठी मुलानेच उचलायचं हे मला खुपतं.

घाटमाथा

भाषाभान, खुपायलाच हवं. पण त्या पोराची इंटर्नशिप पुढच्या उन्हाळ्यात आहे, आणि व्यवस्था तोवर बदलणार नाही. त्याला आज काय सांगायचं?

खडू_फळा

मला या दोघांच्या म्हणण्यात विरोध दिसत नाही. माझ्या वर्गातला अनुभव सांगते.

अहवाल अडला की मी विद्यार्थ्याला म्हणते, लॅपटॉप बंद कर आणि मराठीत सांग, तुला काय सापडलं? निम्म्या वेळा उत्तर येत नाही. 'म्हणजे मॅडम, आम्ही सर्व्हे केला...' केलास ना, मग सापडलं काय? तेव्हा कळतं, की इंग्रजी अडलेलं नाही, निष्कर्षच ठरलेला नाही. तो एकदा मराठीत दोन वाक्यांत सांगता आला, की इंग्रजीत उतरवणं तासाभराचं काम. म्हणून मला भाषाभान यांचा विषय खरोखर हवा आहे. व्यावसायिक मराठी नीट शिकलेला विद्यार्थी व्यावसायिक इंग्रजी लवकर शिकेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आज तो दोन्हीकडून उपाशी राहतो.

तळटीप

कंपन्यांचे दस्तऐवज संपादित करते, म्हणून दोन गोष्टी.

आपल्याकडच्या औपचारिक इंग्रजीवर सरकारी कचेरीच्या पत्रांची दाट सावली आहे. 'विथ रेफरन्स टू द सब्जेक्ट सायटेड अबव्ह', 'प्लीज फाइंड एन्क्लोज्ड हियरविथ', 'फॉर द सेम', 'डू द नीडफुल'. भारतात हे सगळ्यांना कळतं आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण 'डू द नीडफुल' वाचणाऱ्याला काय करायचं ते सांगत नाही, आणि ते सांगण्यासाठीच तर मेल लिहिलेला असतो. म्हणून ते काढायचं.

दुसरं, क्रियापदाचं नाम करायची खोड. 'वुई कंडक्टेड ॲन ॲनालिसिस ऑफ' असं विद्यार्थी लिहितात, कारण ते वजनदार वाटतं. 'वुई ॲनलाइज्ड' पुरतं. हा आजार जगभर आहे. अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे तिकडच्या सेबीने, १९९८ साली कंपन्यांनी गुंतवणूकदारांसाठी सोप्या इंग्रजीत कसं लिहावं यावर एक पुस्तिका काढली. तिची प्रस्तावना प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी लिहिली आहे. ते सांगतात, की वार्षिक अहवाल लिहिताना ते आपल्या बहिणींशी बोलतोय असं समजतात. बहिणी हुशार आहेत, पण हिशेबशास्त्रातल्या तज्ज्ञ नाहीत. एसईसीच्या संकेतस्थळावर पुस्तिका फुकट आहे, आधीची आणि दुरुस्त केलेली वाक्यं शेजारी शेजारी दिली आहेत. बफे यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीच्या संकेतस्थळावर १९७७ पासूनची त्यांची भागधारकांना लिहिलेली पत्रं आहेत. अब्जावधींचा व्यवहार इतक्या साध्या वाक्यांत सांगता येतो, हे एमबीएच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावं असं मला फार वाटतं.

कॉफीवेळ

बोलण्यासाठी टोस्टमास्टर्स क्लब. १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली संस्था, पुण्यात भरपूर क्लब आहेत, पाहुणा म्हणून आधी जाऊन बघता येतं. 'टेबल टॉपिक्स' नावाच्या भागात ऐनवेळी विषय देतात आणि एक-दोन मिनिटं बोलायचं. एक जण नुसते 'अं, आं' मोजतो. भाषणानंतर मूल्यमापन करणारा उभा राहून काय चांगलं झालं, काय सुधारता येईल ते नेमकं सांगतो. गटचर्चेतली भीती जायला मला याच्याइतका उपयोग कशाचाच झाला नाही.

उच्चाराबद्दल एक. मराठी वळण जाऊ दे म्हणून जीव काढू नका, त्याची गरज नाही. आघाताकडे मात्र लक्ष द्या. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर (सिलेबलवर), क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. 'प्रेझेंट'चंही तसंच. आपण मराठीत सगळे अवयव जवळपास सारख्या जोराने बोलतो, त्यामुळे परदेशी माणसाचं कान लावून ऐकणं वाढतं.

घाटमाथा

माणदेशी, एवढं सगळं झालं, आता कामाला लागू. तो चार ओळींचा मेल इथे टाका. माणसांची नावं काढून.

माणदेशी

टाकतो. विषय: 'रिगार्डिंग प्रोजेक्ट'. मजकूर:

'रिस्पेक्टेड सर, होप यू आर डुइंग वेल. मायसेल्फ अमुक, एमबीए फर्स्ट इयर स्टुडंट. आय ॲम डुइंग अ प्रोजेक्ट ऑन डीलर सॅटिस्फॅक्शन ॲज डिस्कस्ड ऑन फोन. फॉर द सेम आय रिक्वायर डीलर डेटा. कायंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट.'

अजून पाठवलेला नाही.

तळटीप

'मायसेल्फ अमुक' नको, 'आय ॲम'. बाकी व्याकरणाला फारसा धक्का नाही. पण 'डीलर डेटा' म्हणजे काय? नावं? फोन? विक्री?

माणदेशी

नावं आणि तालुके पुरेत. त्यातून सर्व्हेसाठी तीसेक जण निवडायचे आहेत. शुक्रवारी गाइडना यादी दाखवायची आहे.

घाटमाथा

बघा, मेलमधलं सगळं महत्त्वाचं तुम्ही आत्ता मराठीत, तीन वाक्यांत लिहिलंत. तेच उतरवा. विषय: 'रिक्वेस्ट: सांगली डीलर लिस्ट बाय थर्सडे'. शुक्रवारी दाखवायची आहे म्हणून एक दिवस आधी मागा. मजकूर:

'डिअर मिस्टर अमुक, कुड यू प्लीज सेंड मी द लिस्ट ऑफ युअर डीलर्स इन सांगली डिस्ट्रिक्ट बाय थर्सडे? आय विल यूझ इट टू सिलेक्ट अबाउट थर्टी डीलर्स फॉर द एमबीए सर्व्हे वुई डिस्कस्ड ऑन द फोन. नेम्स अँड तालुकाज आर इनफ. आय डू नॉट नीड एनी सेल्स फिगर्स.' खाली नाव, कॉलेज, फोन.

खडू_फळा

सुंदर. शेवटचं वाक्य मुलांना दाखवण्यासारखं आहे. यादी देणाऱ्याच्या मनात पहिली भीती हीच असते, की विक्रीचे आकडे बाहेर जातील का. ती त्याने विचारायच्या आधीच घालवली. आणि ऱ्हाईनकाठ म्हणाले ती आर्टिकलं पाहा: 'द लिस्ट', 'द एमबीए सर्व्हे', दोन्ही वाचणाऱ्याला माहीत आहेत.

घाटमाथा, तुम्ही आत्ता जे केलंत, तेच मी वर्गात करू पाहते. वर्गात येता का एकदा?

घाटमाथा

बोलवा, येईन. पहिल्या प्रतिसादात मी विषय घेऊ नका म्हणालो होतो. इतकं नेमकं तपासणारं कुणी कॉलेजात मिळत असेल, तर मी म्हणेन घ्या. नोकरीत कच्चा मसुदा क्लायंटपर्यंत गेला तर त्याची किंमत मोजावी लागते. कॉलेजात तो बिनधास्त पाच वेळा खोडता येतो.

माणदेशी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी कळवायच्या होत्या.

मेल पाठवला. दुसऱ्या दिवशी यादी आली, आणि त्यांनी आपण होऊन कोणते डीलर जुने आणि कोणते नवे हेही लिहून दिलं.

आणि खडू_फळा मॅडमनी सांगितलेले तिन्ही प्रश्न मी आमच्या विषयाच्या मॅडमना जाऊन विचारले. आत्तापर्यंत पंचवीसेक जणांनी नावं दिली आहेत. मसुदे त्या स्वतः तपासतात. पुन्हा लिहून घेण्याचं विचारल्यावर म्हणाल्या, की वेळापत्रकात त्याला जागा नाही, पण जे विद्यार्थी शनिवारी दुसरा मसुदा घेऊन येतील त्यांच्यासाठी त्या थांबतील. आम्ही चौघांनी नावं दिली. विषय घेतोय.

शेवटचा एक प्रश्न. अहवालाचा एक्झिक्युटिव्ह समरी हा भाग आधी लिहायचा की शेवटी?

उनाड

आणि ॲनालिटिक्स?

माणदेशी

@उनाड, ते सरकारच्या 'स्वयं' पोर्टलवर एनपीटीईएलचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेऊन करतो. तिथे व्हिडिओ कितीही वेळा बघता येतात. मसुदा तपासून घ्यायला मात्र समोर माणूसच लागतो.

तळटीप

समरी लिहायची शेवटी, ठेवायची सर्वांत आधी. ती वाचणारा पुढची पानं उघडणार नाही असं धरून लिहा, कारण बऱ्याचदा तो उघडत नाही. काय विचारलं होतं, काय सापडलं, कंपनीने काय करावं आणि त्याला साधारण किती खर्च येईल, एवढं एका पानात. सर्व्हे कसा केला हे दोन ओळींच्या वर नको. त्यात एकही आलेख नाही, एकही 'चित्र ३ पाहा' नाही. आकडे तीन-चारच, आणि प्रत्येकाशेजारी तो कशाच्या तुलनेत आहे ते.

आकडेमोड

आणि ते आकडे आतल्या पानांवरच्या आकड्यांशी जुळतात का, हे छापण्याआधी दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या. चौघं आहातच, एकमेकांचे तपासा.